काठावरचे शहर, कागदावरचे पाणी

नाशिकचा गोदाघाट मी पहिल्यांदा रंगवला, तेव्हा पायऱ्या मोजून काढल्या होत्या. पैलतीरावरचे नारोशंकराचे देऊळ, त्यामागची घरे, गच्चीवरच्या टाक्या, काहीच सोडले नव्हते. शेजारी फुले विकायला बसलेल्या आजींनी चित्र निरखले आणि म्हणाल्या, “समदं हाय बाबा, पन पानी कुठंय?” पाणी मी खाली निळ्या रंगाने भरले होते. तरी प्रश्न खरा होता, आणि तो अनेक वर्षे माझा पिच्छा पुरवत राहिला.

उत्तराचा माग मला इंग्रज चित्रकार टर्नर याच्या व्हेनिसच्या चित्रांत लागला. तो तिथे १८१९, १८३३ आणि १८४० अशा तीन वेळा गेला. पहिल्या भेटीत त्याने वह्यांची शंभराहून अधिक पाने पेन्सिलीने भरली. जलरंगांची पाने मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. त्यांतल्या एकात जुदेक्का बेटावरून पूर्वेकडे दिसणारी पहाट आहे. शहर म्हणजे आकाश आणि पाणी यांच्यामधली निळसर करडी पट्टी. तरीही ते व्हेनिस आहे, कारण मनोऱ्यांच्या उंचीचे आणि अंतराचे प्रमाण अचूक आहे. सैल चित्र म्हणजे घाईचे चित्र, हा माझा समज इथे गळून पडला. सोडून देण्यासाठी आधी सगळे पाहिलेले असावे लागते.

या सोडण्याला जलरंगात तांत्रिक कारणही आहे. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कोरा कागद. तो एकदा झाकला की पुरता परत मिळत नाही. म्हणून रंग कुठे लावायचा नाही, हे आधी ठरवावे लागते. उजेडाच्या जागा कोरड्या ठेवून बाकीचा कागद भिजवला की आकाश, इमारती आणि पाणी एकाच ओलीत उतरवता येतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून सुरेख करडा मिळतो. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा पोत आपोआप येतो. कागद चकाकत असतो तोवर रंग मोकळा पसरतो. चकाकी ओसरताना पाण्याने भरलेला ब्रश टेकला, तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. म्हणून त्या वेळी ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी हवे. रंग सुकल्यावर फिकट होतो, तेव्हा हात थोडा गडदच ठेवावा.

प्रतिबिंबाचाही नियम आहे. गडद वस्तूचे प्रतिबिंब सहसा मूळ वस्तूपेक्षा किंचित उजळ, उजळ वस्तूचे किंचित गडद दिसते. लाटांमुळे ते उभे लांबते. म्हणजे पाण्यात शहराचा विरोध मवाळ होतो. मी देवळाचा पाया पट्टीने आखल्यासारखा कापत होतो आणि खाली वेगळे निळे पाणी भरत होतो. खरे तर पाया ओला असतानाच खाली ओघळू द्यायचा असतो. सुकल्यावर अर्धकोरड्या ब्रशचे एक-दोन आडवे फटकारे मारले की पाण्याची पातळी दिसू लागते.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा घाटावर गेलो. सकाळी अलीकडच्या काठावरून पाहिले, तर सूर्य पंचवटीच्या मागे असतो आणि देवळे एकाच सावलीत मिसळतात. तीन दिवस फक्त पेन्सिल चालवली. चौथ्या दिवशी वीसेक मिनिटांत चित्र झाले. शिखर तेवढे ओळखीचे ठेवले. पायऱ्या पाच-सहा रेघांत आटोपल्या. नदीवरचा सकाळचा उजेड म्हणजे नुसता न रंगवलेला कागद.

आजींच्या जागी आता दुसरेच कुणी फुले विकते. त्यांना चित्र दाखवायचे राहून गेले. पण त्यांनी विचारलेले पाणी त्यात आहे, एवढे मी आता सांगू शकतो.