माणिक खाणीतले की कारखान्यातले?

कलबुर्गीच्या ख्वाजा बंदेनवाज दर्ग्याच्या उरुसात असो वा बीदरच्या बाजारात, याकूतची अंगठी घेणारा एकच विचारतो, 'असली आहे का?' या एका विचारण्यात दोन प्रश्न मिसळलेले आहेत. ते वेगळे केल्याखेरीज वर्गात रत्नपरीक्षा शिकवता येत नाही.

खडा माणकाचा आहे की दुसऱ्याच पदार्थाचा, हा पहिला प्रश्न. त्याचा निकाल बहुतेक वेळा वजनाने लागतो. अकराव्या शतकात अल-बिरुनी यांनी रत्नांची वजने पाण्याच्या साहाय्याने ताडून पाहिली. निळा याकूत १०० धरल्यास बदख्शानचा लाल त्याहून हलका भरतो, असे त्यांना आढळले. आजच्या मापाने माणकाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ४.० आणि लालाचे ३.६ आहे. सुटा खडा, नाजूक तराजू आणि पाण्याचे भांडे एवढ्यावर हा प्रयोग होतो.

दुसरा प्रश्न अवघड आहे. १९०२ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नय यांनी कृत्रिम माणकाची पद्धत जाहीर केली. ॲल्युमिनाच्या भुकटीत किंचित क्रोमियम ऑक्साइड मिसळून ती हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीतून खाली पाडतात आणि काही तासांत थरांवर थर चढून माणिक तयार होते. ही काच नव्हे. रसायन तेच, गुरुत्व तेच, काठिण्यही ९. तेव्हा काचेवर ओरखडा काढून 'असली' सिद्ध करणारा विक्रेता खडा खाणीतला असल्याचे मुळीच सिद्ध करीत नाही. किंमत मात्र खाणीतल्या खड्याची घेतली जाते, आणि ती बहुधा कोणाच्या तरी मजुरीतून जाते. व्यवहारात मालाचा ऐब लपवणे शरीअतला मान्य नाही, हे विक्रेता होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यास याच पाठात सांगावे.

फरक दिसतो तो वाढीच्या खुणांत. खडा पाण्यात वा ग्लिसरीनमध्ये बुडवावा, खालून उजेड द्यावा आणि दहापट भिंगातून फिरवून पाहावा. ज्योतीत घडलेल्या माणकात ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वक्र रेषा व कधी वाटोळे बुडबुडे दिसतात. खाणीतल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ असून कोनात मिळतात; कधी रेशमासारख्या बारीक सुयाही आढळतात. अगदी निर्मळ, मोठा आणि स्वस्त खडा दिसला की संशय घ्यावा.

कृत्रिम माणिक वर्गात दाखवायला महाग पडत नाही. एचएमटीच्या जुन्या किल्लीच्या घड्याळांवर '१७ ज्वेल्स' लिहिलेले असे, ते ज्वेल कृत्रिम माणकाचेच. बंद पडलेले घड्याळ घड्याळजीकडे मिळते. मात्र हे तुकडे फारच लहान. वक्र रेषा पाहण्यासाठी कृत्रिम माणकाचा मोठा खडाच आणावा.

रसायनांच्या वितळलेल्या द्रावात वाढवलेल्या माणकात वक्र रेषा नसतात आणि आतल्या जाळ्या नैसर्गिक खड्यासारख्या भासतात. तेथे भिंग पुरत नाही. खडा रत्नपरीक्षण प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो.