मोठा अ‍ॅम्प न घेता गिटार रेकॉर्डिंगचं काम घरातून कसं सुरू कराल?



जालना म्हटलं की लोकांना सळई आठवते, बियाणं आठवतं. पण अंबड, परतूर, भोकरदनला राहून गिटार चांगली वाजवत असाल, तर तीही कमाईचं साधन होऊ शकते. गाणी बनवणाऱ्यांना, यूट्यूब चॅनलवाल्यांना, लग्नाच्या व्हिडिओवाल्यांना गिटारचा ट्रॅक लागतो. तो त्यांना फाईल म्हणून पाठवता येतो, मुंबई-पुण्याला जावं लागत नाही.

आता प्रश्न येतो, "सर, आधी कर्ज काढून मोठा अ‍ॅम्प घेऊ का?" थांबा. अ‍ॅम्पसमोर माइक लावून रेकॉर्ड करायचं तर आवाज मोठा हवा आणि खोली शांत हवी. घरात कुकरची शिट्टी, गल्लीतला हॉर्न, सगळं माइकमध्ये जातं. शेजारी वैतागतात ते वेगळंच.

त्यावर उपाय म्हणजे अ‍ॅम्प मॉडेलिंग सॉफ्टवेअर. हे कॉम्प्युटरमध्ये अ‍ॅम्पसारखा आवाज तयार करतं. गिटारची वायर ऑडिओ इंटरफेसमध्ये, इंटरफेस लॅपटॉपला, कानाला हेडफोन. रात्री अकरालाही काम चालतं.

सामान किती लागतं?

इलेक्ट्रिक गिटार, लॅपटॉप, हेडफोन आणि 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झी' इनपुट असलेला साधा इंटरफेस. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात फक्त अ‍ॅम्पचं मॉडेल टाकलं तर आवाज कर्कश येतो, म्हणून पुढे स्पीकर कॅबिनेटची 'आयआर' फाईल लावा. रेकॉर्डिंगसाठी रीपर ६० दिवस वापरून बघता येतं. अ‍ॅपलचं मशीन असेल तर गॅरेजबँड मोफत मिळतं.

तार आत्ता छेडली, आवाज उशिरा आला?

याला लेटन्सी म्हणतात. ४८,००० सॅम्पल रेटवर बफर १,०२४ ठेवला तर एका बफरचाच उशीर सुमारे २१ मिलिसेकंद. १२८ ठेवला तर सुमारे २.७. हा उशीर आवाज आत येताना आणि बाहेर जाताना असा दोनदा लागतो. म्हणून वाजवताना बफर कमी ठेवा, मिक्सिंगला वाढवा. विंडोजवर इंटरफेस कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाका. घूं-घूं आवाज येत असेल तर घराचं अर्थिंग तपासून घ्या.

खरा नफा कुठे आहे?

बघा, हा मुद्दा वहीत लिहून ठेवा. समजा एका ट्रॅकचे १,५०० रुपये ठरले आणि चार तास लागले. तासाला ३७५ रुपये पडले. ग्राहक म्हणाला, "आवाज जरा मऊ पाहिजे," आणि तुम्ही पुन्हा सगळं वाजवलं. आठ तास झाले, कमाई तासाला १८७ रुपयांवर आली. काम तेच, पैसे निम्मे.

म्हणून गिटारचा कोरा सिग्नल, म्हणजे 'डीआय', कायम वेगळा जपून ठेवा. इनपुट लाल होऊ देऊ नका, कारण रेकॉर्ड करतानाच फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. डीआय चांगला असेल तर अ‍ॅम्पचं मॉडेल बदललं की पाच-दहा मिनिटांत नवा आवाज तयार. वाजवण्यात चूक असेल तर मात्र सॉफ्टवेअर वाचवणार नाही. रियाज तुम्हालाच करायचा आहे.

ग्राहकाशी आधी बोलून घ्या

किती बदल मोफत, फाईल कधी मिळणार, निम्मे पैसे आगाऊ, आणि ट्रॅक कुठे वापरणार, हे व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लेखी ठेवा. दुसऱ्याच्या गाण्याची चाल वाजवायची असेल तर परवानगी कोण घेणार तेही विचारा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

मित्रांनो, कर्जाचा हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो, ग्राहक तसा येत नाही. म्हणून आधी या आठवड्यात तीन नमुने तयार करा: एक स्वच्छ आवाजाचा, एक रॉकचा, एक लग्नाच्या व्हिडिओला शोभेल असा. प्रत्येक तीस सेकंदांचा. ते दहा जणांना पाठवा. मोठी खरेदी पहिल्या पाच कामांच्या पैशांतून करा.

कामाला लागा!