नकाशावर पिवळा, रस्त्यावर बाजार: धुळे-जळगावात 'व्यापारी पट्टा' ठरतो कसा?

धुळ्याच्या देवपुरातला वाडीभोकर रोड घ्या की जळगावचा रिंग रोड, चित्र साधारण सारखेच. एकेकाळी अंगण आणि झोपाळा असलेला बंगला. आता खाली मेडिकल, वर पॅथॉलॉजी लॅब आणि त्याहून वर कोचिंग क्लासचा फलक. अंगणाच्या जागी दुचाकी उभ्या, चारचाकी रस्त्यावर. ले-आउट मंजूर झाला तेव्हा हे प्लॉट राहण्यासाठी होते. बाजार मागून आला आणि कोणाला न विचारता आला.

शहराच्या विकास आराखड्याचे रंग मात्र इतक्या झटपट बदलत नाहीत. नकाशात सहसा पिवळा म्हणजे निवासी, निळा म्हणजे वाणिज्य, जांभळा म्हणजे औद्योगिक आणि हिरवा म्हणजे शेती किंवा मोकळी जागा. मग कधीतरी मागणी पुढे येते की अमुक रस्त्याचा पट्टा 'व्यापारी क्षेत्र' म्हणून जाहीर करा. मागणी करणाऱ्यांत व्यापारी असतात, बिल्डर असतात, कधी खुद्द महापालिकाही असते. त्याच रस्त्यावर राहणाऱ्या माणसाच्या मनात तेव्हा दोनच प्रश्न असतात: माझ्या जागेचा भाव वाढणार, की माझा ओटा रस्त्यात जाणार?

रंग बदलला, तर नेमके काय बदलते?

डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके अपवाद सोडता राज्यभर एकच बांधकाम नियमावली लागू आहे. तिचे नाव एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. नगररचना कार्यालयात तिला 'यूडीसीपीआर' म्हणतात. धुळे आणि जळगाव या दोन्ही 'ड' वर्ग महापालिका तिच्याच कक्षेत येतात.

या नियमावलीत निवासी क्षेत्राचे 'आर-१' आणि 'आर-२' असे दोन मुख्य प्रकार आहेत, आणि कोणता प्लॉट कशात मोडतो हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. अरुंद रस्त्यावर किराणा, पिठाची गिरणी, डॉक्टरचा दवाखाना, वकिलाचे ऑफिस अशा रोजच्या गरजेच्या गोष्टी चालतात. रस्ता रुंद असेल तर दुकाने, कार्यालये, शोरूम, हॉटेल यांनाही निवासी क्षेत्रातच वाव मिळतो. म्हणजे मोठ्या रस्त्यावरच्या प्लॉटधारकाला दुकान काढण्यासाठी नकाशाचा रंग बदलून घेण्याची गरज बहुतेक वेळा नसते. गरज असते ती बांधकाम परवानगीची, पार्किंगची आणि सामासिक अंतरांची. रस्त्यावरची बरीच दुकाने अडतात ती याच तीन ठिकाणी, झोनमुळे नाही.

पूर्ण 'वाणिज्य' क्षेत्र झाल्यावर फरक पडतो तो मोठ्या व्यवहारांना. घाऊक व्यापार आणि गोदामांना मोकळीक मिळते, अख्खी व्यापारी इमारत उभी करणे सोपे होते. पण चटई क्षेत्राचे मुख्य गणित तेव्हाही रस्त्याची रुंदीच ठरवते. मूळ एफएसआयवर प्रीमियम भरून किती जादा मिळेल आणि किती टीडीआर वापरता येईल, हे तक्त्यात रस्त्याच्या रुंदीप्रमाणे दिले आहे. जिने, बाल्कनी, मार्गिका अशा पूरक बांधकामासाठी प्रीमियम भरून मिळणारे क्षेत्र निवासी वापराला ६० टक्क्यांपर्यंत आहे, तर अनिवासी वापराला ८० टक्क्यांपर्यंत.

खर्चाची बाजूही आहे. अनिवासी वापराला घरपट्टी जास्त दराने लागते, वीजजोडणी व्यावसायिक होते. शेतजमीन असेल तर विकास आराखड्यातल्या झोनप्रमाणे वापर करायला वेगळी एनए परवानगी लागत नाही, पण सरकारी आकारणी भरावी लागते. जमीन भोगवटादार वर्ग-२ असेल तर नजराण्याचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. सातबारा न पाहता केवळ 'आता कमर्शियल झाले' या बोलण्यावर जमीन घेणारे इथेच फसतात.

धुळ्यात हे आधी एकदा झाले आहे

मुद्दाम ठरवून व्यापारी गाव वसवण्याचा प्रयोग खान्देशला नवा नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खान्देश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने जिल्ह्याच्या मुख्यालयासाठी धुळे निवडले. जागा मध्यवर्ती होती आणि मुंबई-आग्रा रस्त्यावर होती. त्या वेळचे धुळे म्हणजे बागायती मळ्यांमध्ये, पाट आणि पांझरा नदी यांच्यात दाटलेले छोटे गाव. १८१९ ची नोंद आहे ४०१ घरे आणि २,५०९ माणसे.

ब्रिग्जने जुन्या वस्तीला हात न लावता शेजारी नवे धुळे आखले. सरळ रस्ते आणि त्यांना समांतर गल्ल्या. आजही धुळेकर पत्ता सांगताना 'गल्ली नंबर चार', 'गल्ली नंबर पाच' असे सांगतात, ते त्या आखणीचेच देणे. (शहराच्या रचनेचे श्रेय अनेकदा विश्वेश्वरय्यांना दिले जाते. ते सरकारी नोकरीत आले १८८४ मध्ये. तोवर नवे धुळे वसून सहा दशके उलटली होती.)

पण खरी गोष्ट आखणीच्या पुढची आहे. नव्या वसाहतीत येऊन राहणाऱ्यांना घरासाठी जागा कायमची बिनभाड्याने दिली गेली. पक्के घर बांधता यावे म्हणून उचल म्हणून पैसे दिले गेले, तेही बाहेरून येणाऱ्यांना आणि जुन्या रहिवाशांनाही. लांबून कारागीर आणून सरकारी कचेऱ्या बांधल्या. कचेरी आली की पक्षकार येतात, पक्षकार आले की खाणावळ येते, कापड दुकान येते. १८७२ पर्यंत लोकसंख्या १२,४८९ झाली होती. पाच कंदील आणि आग्रा रोडचा आजचा बाजार त्याच आखणीवर उभा आहे. त्या रस्त्यांवर अर्थात बैलगाड्या चालतील असे गृहीत धरले होते, पिकअप आणि ई-रिक्षा नव्हे.

जळगावची कथा वेगळी. तिथे आखणी करणारा ब्रिग्ज नव्हता, रेल्वे होती. १८६० च्या दशकात रेल्वे आली आणि त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे विलायतेतल्या गिरण्यांना भारतीय कापूस हवा झाला. जळगाव बघता बघता कापसाची पेठ झाले. नगरपालिका आली १८६४ मध्ये, आणि १९०६ मध्ये खान्देशचे दोन भाग झाले तेव्हा पूर्व खान्देशचे मुख्यालयही जळगावच झाले. दाणा बाजार, सराफ बाजार, नवी पेठ हे सारे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तो योगायोग नाही.

पुढे जळगाव पालिकेने स्वतःच व्यापारी संकुले बांधली. फुले मार्केट, गोलाणी मार्केट ही त्यातली ठळक नावे. बाजाराला छप्पर देण्याचा मार्ग म्हणून ते ठीकच होते, पण त्यातून दुसरे दुखणे निघाले. अनेक संकुलांतल्या गाळ्यांच्या कराराची मुदत २०१२ मध्ये संपली आणि भाडे किती, नूतनीकरण कसे, थकबाकी कोणत्या दराने, हा वाद वर्षानुवर्षे चालला. नवा व्यापारी पट्टा महापालिकेच्या जागेवर उभा करायचा असेल, तर गाळ्यांचे करार कसे असतील हे आधी विचारायला हवे, हे जळगावच्या व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको.

बाजार हलतो का?

नुसत्या घोषणेने नाही. खान्देशी माणसाला जवळचे उदाहरण सुरतचे. तिथे हिऱ्यांच्या व्यापारासाठी बांधलेल्या प्रचंड संकुलाचे उद्घाटन डिसेंबर २०२३ मध्ये झाले. पण महिधरपुरा आणि वराछाच्या जुन्या बाजारातला व्यवहार लगेच तिकडे गेला नाही. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलासाठी एमएमआरडीएची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली १९७७ मध्ये, आणि हिरे बाजार तिथे सुरू झाला २०१० मध्ये. व्यापारी पुढे जातो तो गिऱ्हाईक, बँक आणि हमाल तिकडे गेल्यावर.

रेषा कोणाच्या ओट्यावरून जाणार?

व्यापारी पट्ट्याच्या प्रस्तावासोबत जवळजवळ नेहमीच रस्ता रुंदीकरणाची रेषा येते. प्रस्तावात वाचण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच. ज्याचा प्लॉट मोठा, त्याला थोडी जागा जाऊनही फायदा होतो. रस्ता रुंद झाला की त्याचा एफएसआय वाढतो. ज्याचा प्लॉट दीड-दोन गुंठ्यांचा, त्याची पुढची खोलीच जाते आणि उरलेल्या जागेवर नियमाप्रमाणे बांधणे अवघड होते. कायद्याच्या कलम १२६ मध्ये मोबदल्याचे मार्ग दिले आहेत: सहमतीने रक्कम, टीडीआर किंवा एफएसआय, अथवा भूसंपादन. महापालिकेच्या तिजोरीला टीडीआर परवडतो. पण छोट्या शहरात टीडीआरला गिऱ्हाईक मिळणे पुण्यामुंबईइतके सोपे नाही, आणि छोट्या प्लॉटधारकाने हे लक्षात ठेवूनच पर्याय निवडलेला बरा.

मागच्या गल्लीतल्या रहिवाशांचा प्रश्न वेगळा. त्यांच्या प्लॉटचा रंग बदलत नाही, पण पुढच्या दुकानांची पार्किंग त्यांच्या दारात येते. भाड्याच्या गाळ्यात बसलेल्या दुकानदाराला भाव वाढला म्हणजे भाडे वाढले, एवढेच कळते.

आणि लोटगाडीवाले. आग्रा रोडवर अतिक्रमण मोहीम येते, जाते, गाड्या पुन्हा लागतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिल्याशिवाय विक्रेत्यांना हटवता येत नाही. शहरासाठी पथविक्रीची योजना दर पाच वर्षांनी करायची आहे, आणि जिथे बाजार आपोआप भरत आला आहे अशा 'नैसर्गिक बाजारांचा' तीत विचार करायचा आहे. व्यापारी पट्ट्याच्या नकाशात त्यांना जागा दाखवली नाही, तर तो वाद पहिल्याच दिवशी तयार असतो.

बदल करण्याचे दोन रस्ते

दोन्ही रस्ते महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधले आहेत.

पहिला मोठा. कलम ३८ प्रमाणे विकास आराखड्याची २० वर्षांतून किमान एकदा फेरतपासणी करायची असते. इरादा जाहीर होतो, विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो, मग कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. अंतिम मंजुरी राज्य सरकारची. सरकारने मोठे बदल सुचवले तर तेवढा भाग वगळून, त्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात.

हा मार्ग धुळ्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. २०१८ च्या हद्दवाढीत वलवाडी, महिंदळे, अवधान अशी गावे शहरात आली. शहराला लागून शेती, वसाहत आणि एमआयडीसी एकमेकांत मिसळलेल्या अशा भागात रंग कसे भरले जातात, यावर पुढच्या पिढीचा बाजार कुठे भरेल हे ठरेल.

दुसरा रस्ता छोटा: कलम ३७. मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल. अट एवढीच की आराखड्याचे मूळ स्वरूप बदलता कामा नये. एखाद्या भूखंडाचे आरक्षण बदलणे यात बसते. अख्ख्या रस्त्याचा पट्टा व्यापारी करणे 'किरकोळ' आहे का, यावर वाद घालता येतो आणि घालावाही. ठराव, राजपत्रात आणि वृत्तपत्रात नोटीस, हरकती, सुनावणी, मग प्रस्ताव सरकारकडे. निवडून आलेली महासभा असेल तर ठरावावर नगरसेवक बोलतात. प्रशासक असताना तो प्रशासकाच्या सहीने होतो. २०२३ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपल्यावर कारभार प्रशासकांकडेच गेला होता.

एखाद्या जागेवर मार्केट, वाहनतळ असे आरक्षण पडले आणि आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत महापालिकेने ती घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. वाहनतळाची जागा अशीच निसटली की व्यापारी पट्ट्यातली वाहने कुठे उभी राहतील, हे वेगळे सांगायला नको.

हरकत घ्यायची तर

आधी नगररचना विभागातून आपल्या गट नंबरचा किंवा सिटी सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. मोबाईलवर फिरणाऱ्या नकाशाच्या फोटोवर विसंबू नका. त्यात रस्त्याची रेषा एक बोट इकडे-तिकडे दिसली तरी जागेवर तो फरक कित्येक फुटांचा असतो. अर्जात गट नंबर, रस्त्याची सध्याची आणि प्रस्तावित रुंदी, आपले किती क्षेत्र बाधित होते आणि पर्याय काय, हे लिहा. 'आमचा विरोध आहे' एवढ्या एका ओळीच्या शंभर अर्जांपेक्षा मोजमाप असलेला एक अर्ज सुनावणीत जास्त टिकतो. हरकत घ्यायला मालकच असावे लागते असे नाही. भाडेकरू, लोटगाडीवाला, मागच्या गल्लीतला रहिवासी, कोणीही देऊ शकतो. अर्जाची पोच घ्या. सुनावणीचे पत्र त्याच पत्त्यावर येते. मुदतीचे दिवस राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजले जातात, शेजाऱ्याकडून कळले त्या दिवसापासून नाही.