पूजेच्या पाटावरचा रंधा

आश्विन शुद्ध नवमीस आपण खंडेनवमी म्हणतो. खंडा म्हणजे तलवार. सैनिकाने शस्त्र पुजावे, शेतकऱ्याने नांगर, लेखकाने लेखणी आणि सुताराने करवत, वाकस, पटाशी व रंधा पुजावा, ही या दिवसाची रीत होय. ज्या आयुधावर घराचे पोट चालते त्यापुढे वर्षातून एकदा तरी मस्तक नमवावे, असा साधा भाव तीत आहे.

परंतु अनेक घरांत आजोबांच्या हातचा रंधा माळ्यावर गंजत पडलेला असतो. कित्येकदा घरातील कारागीर गेल्यावर त्याची हत्यारांची पेटी भंगारात वजनावर विकली जाते आणि तोच रंधा पुढे जुन्या बाजारात मूठ मोडलेला, चाकी हरवलेला असा दृष्टीस पडतो. खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये, हे आपण जाणतो. मग खंडित हत्याराचे काय करावे? आमच्या मते मूर्ती आणि हत्यार यांत येथेच भेद आहे. खंडित मूर्तीचे विसर्जन करावयाचे असते; खंडित हत्यार पुन्हा सांग करता येते, आणि ते सांग करणे हीच त्याची पूजा होय.

रंधा हे फार प्राचीन हत्यार. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई नगरातही रंधे सापडले आहेत. लाकडी रंध्यात पाते पाचरीने आवळतात. जुन्या बाजारात आढळणारा लोखंडी रंधा मात्र बहुधा अमेरिकेतील लेनर्ड बेली यांच्या रचनेचा असतो. स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये त्यांचे हक्क विकत घेतले आणि पुढे याच धर्तीचे रंधे देशोदेशी, आपल्याकडेही, तयार होऊ लागले. म्हणूनच एका मोडक्या रंध्याचा अवयव पुष्कळदा दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

असा रंधा घेताना प्रथम तळ पाहावा. पाते जेथून डोकावते त्या फटीजवळ तडा असल्यास तो घेऊ नये. बीड ठिसूळ असते आणि असा तडा सांधणे घरच्या माणसाचे काम नव्हे. बाकीचे अवयव मिळवता येतात. मूठ नसेल तर शिसवाची किंवा सागाची करावी. लाकडाचे रेषे तळाशी समांतर, पुढून मागे जाणारे असावेत. ते उभे ठेवल्यास मुठीचे वरचे टोक थोड्या आघाताने तुटते.

पात्याची खोली कमीजास्त करणाऱ्या पितळी चाकीचे आटे उलटे असतात. मूळ स्टॅन्ली रंध्याच्या कित्येक स्क्रूंचे आटेही बाजारातील नेहमीच्या मापांत बसत नाहीत. भलताच स्क्रू बळेच पिळला तर बिडातील आटे कायमचे बिघडतात. त्यापेक्षा त्याच बनावटीच्या निकामी रंध्यातून तो घ्यावा, अथवा नमुना दाखवून लेथवर कातून घ्यावा. पात्यावर बसणाऱ्या लोखंडी पट्टीची नुसती रुंदी जुळून भागत नाही. तिच्यातील ज्या खाचेत चाकीच्या दांड्याचे टोक अडकते, तिचे धारेपासूनचे अंतरही जुळावे लागते. एरवी चाकी कितीही फिरवली तरी पाते योग्य जागी येत नाही.

गंज घालविण्यास सुटे भाग रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून तारेच्या ब्रशने घासावेत. पितळी चाकीस देवाच्या उपकरण्यांप्रमाणे चिंच लावावी, मग धुऊन कोरडी करावी. जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर तळ सपाट करावा. त्या वेळी पाते जागेवर आवळलेले, पण आत ओढलेले असावे. पात्याची पाठ आरशासारखी सपाट करून धार २५ ते ३० अंशांच्या कोनात लावावी. वरची पट्टी धारेपासून सुमारे एक मिलिमीटर मागे, फटीविना बसवावी. मात्र अंगावर जुन्या मालकाची अक्षरे ठोकलेली असतील तर ती घासून काढू नयेत. ती त्या हत्याराची वंशावळ आहे.

पूजेच्या वेळीही एक पथ्य पाळावे. नुकत्याच स्वच्छ केलेल्या लोखंडावर ओले गंध आणि ओली फुले रात्रभर राहिली, तर सकाळपर्यंत पुन्हा गंज धरतो. म्हणून आधी तेलाचा हलका हात फिरवावा, आणि उत्तरपूजेनंतर रंधा पुसून, कोरडा करून पुन्हा तेल लावावे. यात भक्तीस उणेपणा येत नाही. हत्याराची निगा हाही उपचारच आहे.

यंदा पाटावर हत्यारे मांडताना प्रत्येक गृहस्थाने मनाशी विचारावे, हे उद्या कामास येईल काय? नसेल, तर नवमीस अजून अवकाश आहे तोच ते सांग करावे. मग दसऱ्याच्या मुहूर्तावर देवघरातील पाटाच्या खडबडीत कडेवर त्या रंध्याचा एक हात मारावा. अखंड, तलम कीस सुटला, म्हणजे पूजा पोचली असे समजण्यास हरकत नाही.