बाबांचे गुरुवार आणि नकाशावरची टिकली

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पहाटेचे साडेपाच वाजले होते. साउथहॅम्प्टनला मिट्ट काळोख, बाहेर पाऊस, आणि मी चहाचं आधण ठेवून फोनवरच्या नकाशातली एक गोल टिकली बघत उभी होते. टिकली कोल्हापुरात होती आणि तिथे अकरा वाजले होते. रंकाळ्यावर फेरी मारून ती केव्हाच घरी परतायला हवी होती. त्याऐवजी ती एका रुग्णालयाच्या इमारतीवर बसून होती. मागच्या गुरुवारीही तिथेच होती, आणि त्याच्या आदल्या गुरुवारीही.

ती टिकली म्हणजे माझे बाबा. वय ७३, एसटीतून निवृत्त. ऑगस्टमध्ये मी घरी गेले होते तेव्हा त्यांचा नवा फोन मीच लावून दिला. अक्षरं मोठी केली, व्हॉट्सॲप घातलं, विजेचं बिल कसं भरायचं ते दाखवलं. आणि जाता जाता नकाशाच्या ॲपमध्ये त्यांचं ठिकाण माझ्या खात्याला कायम दिसत राहील अशी सोय करून टाकली. दोन मिनिटांचं काम. त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "मी काय लहान आहे का?" म्हणाले असते, आणि मला वाद नको होता. तुमचं ठिकाण अमक्याला दिसतंय, अशी आठवण ते ॲप अधूनमधून करून देतं. पण बाबा ईमेल उघडत नाहीत, हेही मला माहीत होतं.

आता यातली गंमत ऐका. मी पोटासाठी लोकांच्या हालचालींच्या नोंदींवरच काम करते. कोणत्या भागातून कोणत्या भागात, किती वाजता, किती माणसं जातात याची गणितं मांडते. त्या नोंदींत नावं नसतात, फोन नंबर नसतात, तरी त्या हाती येण्याआधी विद्यापीठाच्या नीतिसमितीकडे लांबलचक अर्ज करावा लागतो. नोंदी कुठे ठेवणार, कोण बघणार, कधी पुसणार, हे सगळं लिहून द्यावं लागतं. अनोळखी माणसांसाठी मी हे दर वर्षी करते. बाबांसाठी कुठलाच अर्ज केला नाही.

तर फोनला आपण कुठे आहोत हे कळतं कसं, ते आधी पाहू. कारण याबद्दल एक गैरसमज फार घट्ट बसलेला आहे: उपग्रह आपल्याला 'बघतो'. तसं नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त ओरडत असतात: "मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता इतके वाजलेत." फोन ते ऐकतो. संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून अंतर निघतं. तीन अंतरं मिळाली की जागा ठरायला हवी, पण फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं, आणि वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढी चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून चौथा उपग्रह लागतो, घड्याळाची चूक काढायला. या सगळ्यात उपग्रहाला तुमचा पत्ताही लागत नाही. चुगली होते ती पुढे, फोनमधून. जागा फोनने काढलेली असते आणि ती इंटरनेटवरून पाठवतो तोच.

घरात, बोगद्यात, उंच इमारतींच्या गल्लीत उपग्रह नीट ऐकू येत नाहीत. तिथे फोन आजूबाजूच्या वायफाय राउटरांची यादी करतो आणि कोणता राउटर कुठे असतो याच्या एका अवाढव्य कोठाराशी ताडून बघतो. तेही नसेल तर मोबाइलचे मनोरे. मोकळ्या मैदानात चूक पाचेक मीटरची, वायफायवर काही दहा मीटरची, मनोऱ्यांवर शहरात काही शे मीटर आणि खेड्यात काही किलोमीटर. नकाशावर स्वतःच्या ठिपक्याभोवती जे फिकट निळं वर्तुळ दिसतं ना, ती या चुकीचीच कबुली आहे. आपण वर्तुळ बघत नाही, ठिपका बघतो. गूगलच्या जुन्या स्थाननोंदी मी एकदा उतरवून घेतल्या होत्या. त्यात अक्षांश सात दशांश स्थळांपर्यंत लिहिलेले होते. सातवं स्थळ म्हणजे जमिनीवर साधारण एक सेंटिमीटर! आणि शेजारच्याच रकान्यात अचूकता: ४० मीटर. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने असं लिहिलं असतं तर आम्ही वही परत केली असती.

एक ठिपका म्हणजे फार काही नाही. ठिपक्यांची माळ झाली की मात्र ती बोलायला लागते. रात्री फोन जिथे असतो ते घर. दुपारी जिथे असतो ती नोकरी. शुक्रवारी मशीद, मंगळवारी गणपती, महिन्यातून एकदा वकील. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले इव्ह-अलेक्झांडर द माँजॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. युरोपातल्या एका छोट्या देशातल्या १५ लाख माणसांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी. नावं काढून टाकलेली, जागा मनोऱ्याइतकी ढोबळ, वेळ तासाइतकी ढोबळ. प्रश्न असा की एखाद्याबद्दल अशा किती नोंदी माहीत असल्या म्हणजे तो या गर्दीतून एकटा वेगळा काढता येईल? उत्तर: चार नोंदी पुरल्या, ९५ टक्के माणसांसाठी. चार! एखाद्याने आठवडाभरात फेसबुकवर टाकलेले चार फोटो एवढं काम करतील. त्याआधी २०१० मध्ये ५० हजार लोकांच्या नोंदींवरच्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की आपल्या हालचालींमधलं ९३ टक्क्यांपर्यंत तत्त्वतः आधीच सांगता येण्याजोगं असतं. आपल्याला वाटतं त्यापेक्षा आपण फारच ठरावीक रस्त्यांची माणसं आहोत.

या नोंदींची भांडी याआधीही फुटली आहेत. एप्रिल २०११ मध्ये अ‍ॅलिस्डर अ‍ॅलन (इथून पश्चिमेला एक्झिटर विद्यापीठात होते) आणि पीट वॉर्डन यांनी दाखवून दिलं की आयफोन आपल्या पोटातल्या एका उघड्या फाइलमध्ये महिनोन्‌महिने जागांची नोंद साठवतो आहे. ॲपलचं म्हणणं पडलं की त्या फोनच्या जागा नसून आसपासच्या मनोऱ्यांच्या आणि वायफायच्या आहेत, आणि इतका काळ साठत राहणं ही आज्ञावलीतली चूक आहे. मग ती मुदत सात दिवसांवर आणली गेली. २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेसने दाखवलं की गूगलमध्ये 'स्थान-इतिहास' बंद केला तरी दुसऱ्या एका सेटिंगमधून जागा नोंदल्या जातच होत्या. त्यावरून अमेरिकेतल्या ४० राज्यांशी गूगलने नोव्हेंबर २०२२ मध्ये ३९.१५ कोटी डॉलरना तडजोड केली. आता तो इतिहास कंपनीच्या सर्व्हरऐवजी मुख्यतः तुमच्याच फोनमध्ये राहतो. कंपनीपासूनचा धोका त्याने कमी होतो. फोन ज्याच्या हातात पडू शकतो त्या नवऱ्यापासून, सासूपासून किंवा पोरीपासूनचा होत नाही.

या माहितीचं नाव घेतलं की फक्त पाळतच आठवावी असं नाही, आणि हे मला साउथहॅम्प्टनमध्ये राहून विसरता येत नाही. हे नकाशांचंच गाव आहे. १८४१ साली लंडनच्या टॉवरला आग लागली आणि ब्रिटिश नकाशाखातं, ऑर्डनन्स सर्व्हे, तिथून उठून इथे आलं ते आजतागायत इथेच आहे. आणि इथल्या विद्यापीठातला 'वर्ल्डपॉप' हा गट जगातल्या गरीब देशांत माणसं नेमकी कुठे राहतात याचे नकाशे बनवतो. त्याचे प्रमुख अँडी टेटम हे २०१२ च्या एका गाजलेल्या अभ्यासाचे सहलेखक. केनियातल्या जवळजवळ दीड कोटी फोनच्या नोंदींवरून त्यात असं दिसलं की व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरातून मलेरियाचे परजीवी माणसांबरोबर प्रवास करत नैरोबीला पोचतात. मच्छर एवढा लांब उडत नाही. माणूस बसने जातो. फवारणी कुठे करायची हे यातून कळतं. अशा कामात एकेका माणसाचा मार्ग कुणालाच नको असतो, हजारोंची बेरीज हवी असते. माझ्या लेखी खरी सीमारेषा इथे आहे, आणि ती तंत्रात नाही. नोंदी त्याच असतात. बेरीज करायची की एकाला वेगळं काढायचं, हे बघणारा ठरवतो.

याच गावाने उलटं उदाहरणही घालून दिलंय. ऑगस्ट २००९ पासून साउथहॅम्प्टनच्या नगर परिषदेने टॅक्सींमध्ये सतत चित्र आणि आवाज टिपणारे कॅमेरे सक्तीचे करायला सुरुवात केली. हेतू वाईट नव्हता; चालकांवर हल्ले होत होते. पण म्हणजे तुम्ही मागच्या सीटवर बसून बायकोशी, डॉक्टरशी, बँकेशी जे बोलाल ते सगळं रेकॉर्ड. माहिती आयुक्तांनी २०१२ मध्ये आवाजाचं सततचं रेकॉर्डिंग थांबवायची नोटीस दिली. परिषद अपिलात गेली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये हरली. चित्राला हरकत नव्हती. काळजीचं कारण खरं असलं तरी मिळणारा उपयोग आणि होणारी घुसखोरी यांचा मेळ बसला पाहिजे, असा त्याचा मथितार्थ.

इथून पश्चिमेला पूल नावाचं गाव आहे. तिथल्या परिषदेने २००८ मध्ये एका कुटुंबावर जवळजवळ तीन आठवडे गुपचूप पाळत ठेवली: आईबाप, मुलं, गाडी कधी कुठे जाते. संशय काय, तर चांगल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून राहता पत्ता खोटा दिला असावा! संशय खोटा निघाला, आणि २०१० मध्ये न्यायाधिकरणाने ही पाळत बेकायदेशीर ठरवली. त्या वेळी माणूस गाडीत बसवून मागे पाठवावा लागला होता. त्याला पगार द्यावा लागतो, तो कंटाळतो, दिसतो. मला तर फक्त चहा उकळेपर्यंतचा वेळ लागत होता.

भारतातही हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. फ्रँक व्हायटस या खटल्यात जामिनाची अट अशी होती की आरोपीने गूगल नकाशावर पिन टाकून आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला दाखवावं. ८ जुलै २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुइयां यांनी ती अट रद्द केली. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर सतत नजर ठेवता येईल अशी अट घटनेच्या कलम २१ मधल्या खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असं त्यांनी म्हटलं. (टाकलेली पिन जागची हलत नाही, तिने पाठलाग होतच नाही, हेही त्या खटल्यात पुढे आलं. अट घालताना हे कुणी विचारलं नव्हतं.) अमली पदार्थांच्या गुन्ह्यातल्या आरोपीलाही जे नको असं न्यायालय म्हणतं, ते मी एसटीच्या निवृत्त माणसाला लावलं होतं.

तर ते गुरुवार. तिसऱ्या गुरुवारी मला राहवलं नाही. संध्याकाळी फोन केला. "सकाळी काय केलंत बाबा?"

"काही नाही. घरीच होतो."

"मग दवाखान्यात कोण होतं?"

पलीकडे शांत. मग, "तुला कुणी सांगितलं?"

मी सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं; ते ओरडले नाहीत. खूप वेळाने म्हणाले, "म्हणजे ऑगस्टपासून." मग म्हणाले, तब्येत माझी उत्तम आहे, काळजी करू नकोस. बाकी काही सांगितलं नाही. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. त्यांच्या बरोबरीने डेपोत असलेल्या एका मित्राचं डायलिसिस सुरू झालंय. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. सोमवारी आणि शनिवारी मित्राची बायको जाते, गुरुवारी तिला जमत नाही, म्हणून बाबा बसतात. मुलाचं लग्न ठरायचंय, तोवर गल्लीत कुणाला कळू नये म्हणून मित्राने शपथ घातली होती. बाबांनी ती आईजवळसुद्धा मोडली नव्हती.

"विचारलं असतंस तरी मी सांगितलं नसतं," बाबा म्हणाले. "पण ते माझं मी नाही म्हटलं असतं."

टिकली खोटी नव्हती बरं का. जागा अगदी बरोबर होती. तिच्यावरून मी काढलेला अर्थ तेवढा चुकला, आणि ज्याचं गुपित फुटलं तो माणूस माझ्या नकाशावर नव्हताच. आमच्या नीतिसमितीच्या अर्जात एक प्रश्न असतो: अभ्यासात सहभागी नसलेल्या व्यक्तींची माहिती उघड होऊ शकते का? मी तिथे दर वर्षी 'शक्यता नगण्य' असं लिहीत आले आहे.

तुमच्याही फोनमध्ये अशी टिकली असेल तर दोन-तीन कामाच्या गोष्टी सांगते. आधी उलट बाजू तपासा: नकाशाच्या ॲपमध्ये आपल्या चित्रावर टिचकी मारली की तुमचं ठिकाण कुणाकुणाला दिसतंय त्याची यादी मिळते. माझ्या यादीत एक जुनी रूममेट निघाली, एका ट्रिपपासून राहून गेलेली. ठिकाण तासाभरापुरतंही दाखवता येतं. 'बंद करेपर्यंत' हाच पर्याय निवडावा लागत नाही. किल्ल्याला लावायच्या ब्लूटूथ टॅगचा कुणी पाठलागासाठी वापर करत असेल तर मे २०२४ पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही इशारा देतात. तो आला तर झटकून टाकू नका. आणि हे इंग्लंडात राहणाऱ्यांसाठी: जोडीदाराच्या फोनवर गुपचूप लक्ष ठेवणं इथे घरगुती बाब राहत नाही. पाठलागाचा गुन्हा २०१२ पासून, आणि नात्यात धाकात ठेवण्याचा गुन्हा २०१५ पासून कायद्यात आहे.

विसरभोळेपणा सुरू झालेल्या आईवडिलांचं काय, हा प्रश्न मला या दिवाळीत मंडळाच्या कार्यक्रमात एका मैत्रिणीने विचारला. तिची आई नाशिकला एकदा वाट चुकली होती. तिथे ठिकाण कळणं हा जिवाचा प्रश्न असू शकतो. मी तिला एवढंच म्हटलं, की आईला अजून समजतंय तोवर विचारून घे, आणि कोण बघणार, कधी बघणार हेही तिच्याकडूनच ठरवून घे. पुढे तिला हो-नाही म्हणता येणार नाही, तेव्हा आजचं तिचं उत्तर उपयोगी पडेल. मैत्रीण म्हणाली, आणि ती आजच नाही म्हणाली तर? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाबांनी ती टिकली स्वतःच बंद केली. कशी करायची ते मलाच फोनवर विचारून, एकेक पायरी. फेब्रुवारीत ते आणि आई रेल्वेने तिरुपतीला निघाले, तेव्हा मिरज सोडताना माझ्या फोनवर सूचना आली: बाबा त्यांचं ठिकाण २४ तासांसाठी तुम्हाला दाखवत आहेत. मी ती उघडली नाही. मग अर्ध्या तासाने उघडली.