घरीं आलेला प्रौढ कुत्रा व त्याचें शिक्षण

कुत्रा पाळावयाचा तर तो पिल्लू असतांनाच आणावा. मोठा झालेला कुत्रा कांहीं शिकत नाहीं, अशी समजूत आमच्या विद्यार्थ्यांत व त्यांच्या पालकांतही सर्वत्र आढळते. दोन वर्षांपूर्वीं आमचीही समजूत हीच होती. ती एका चार-पांच वर्षांच्या गांवठी कुत्र्यानें खोटी ठरविली.

धामणकर नाक्याजवळील एका यंत्रमाग कारखान्याच्या राखणदारापाशीं तो वाढला होता. राखणदार आपल्या गांवीं परत गेला व कुत्रा मागें राहिला. मुलांच्या आग्रहास्तव आम्हीं त्यास घरीं आणिलें व मोती असें नांव ठेविलें. पहिल्या आठवड्यांत त्यानें चपला फाडल्या, घरांत घाण केली; हांक मारली असतां तो येईना; आणि साखळी लावून बाहेर नेला तर नाक्यावरील रिक्षांच्या व ट्रकांच्या गर्दींत वेड्यासारखा ओढूं लागे. त्यास परत सोडून द्यावें, असा विचार घरांत पक्का होत आला. सहाव्या दिवशीं रागाच्या भरांत आम्हीं गुंडाळलेलें वर्तमानपत्र उगारलें. मोती पळाला नाहीं. जमिनीस चिकटून, डोळे मिटून, तो माराची वाट पाहात राहिला. तें पाहून आमच्या धाकट्या कन्येनें विचारिलें, "बाबा, त्याला आधीं कोणी मारायचं का हो?" आमचा हात खालीं आला. त्यास आणखी तीन महिने ठेवून पाहावें, असें त्या रात्रीं ठरलें.

शांतपणें विचार करितां दिसून आलें कीं, मोती अशिक्षित नव्हता. त्याची शाळा निराळी होती. उगारलेला हात म्हणजे मार, मोकळी जागा दिसली कीं तेथें विधि, सांपडेल तें खावें, हे धडे तो चार वर्षें शिकला होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनीं १८९८ सालीं मांजरें व कुत्रीं यांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या कृतीचें फळ सुखद, ती कृति प्राणी पुन्हां पुन्हां करितो, हें त्यांतून दिसून आलें. हा नियम वयावर अवलंबून नाहीं.

आपल्या देशांतील गांवठी कुत्र्यांविषयीं तर भरीव संशोधन झालें आहे. कोलकाता येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत डॉ. अनिंदिता भद्रा व त्यांचे सहकारी यांनीं रस्त्यावरील कुत्र्यांचा अभ्यास केला. २०२० सालीं त्यांनीं असें दाखविलें कीं, कोणतेंही शिक्षण न मिळालेल्या प्रौढ कुत्र्यांपैकीं पुष्कळ भीतीमुळें जवळच आले नाहींत. परंतु जे आले, त्यांपैकीं सुमारें ८० टक्के कुत्र्यांनीं मनुष्याच्या बोटाची खूण बरोबर ओळखली. म्हणजे अडचण बुद्धीची नसून भीतीची आहे. २०१७ सालच्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासांत, अनोळखी मनुष्यावर विश्वास बसण्यास खाण्यापेक्षां कुरवाळणें अधिक उपयोगी पडतें, असें दिसून आलें.

यावरून आम्हीं पुढील क्रम ठरविला. प्रथम जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासणी व रेबीजची लस. नंतर घराचा एक शांत कोपरा, ठराविक वेळीं दोनदां अन्न, आणि कांहीं दिवस कोणताही हुकूम नाहीं. अशा कुत्र्यास ३ दिवस बिचकण्याचे, ३ आठवडे ओळखीचे व ३ महिने रुळण्याचे लागतात, असा ठोकताळा कुत्रे सांभाळणारे सांगतात. सर्वांस तो सारखाच लागू पडतो असें नव्हे. परंतु त्यानें पालकांस धीर येतो.

पहिला धडा नांवाचा. 'मोती' म्हणावें, त्यानें पाहिलें कीं लगेच उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा द्यावा. विलंब झाल्यास बक्षीस कशाचें हें त्यास कळत नाहीं. बसण्यास शिकवितांना तुकडा नाकासमोर धरून हळूहळू डोक्यावरून मागें न्यावा; नाक वर जातें व मागचें अंग आपोआप खालीं टेकतें. त्याच क्षणीं 'बस' म्हणून तुकडा द्यावा. पाठ पांच मिनिटांचा असावा. घरांत एकानें 'बस', दुसऱ्यानें 'खालीं बस' व तिसऱ्यानें 'सिट' म्हणूं नये. साखळी ओढली कीं आपण थांबावें. सैल झाली कीं चालावें. जेवणानंतर व झोंपेंतून उठतांच बाहेर न्यावें. घरांत घाण झाल्यास न बोलतां पुसावी. जवळ बोलावून शिक्षा कधींही करूं नये, कारण मग हांकेचा अर्थच शिक्षा असा होतो.

विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत धरावी. कुत्रा खात किंवा निजलेला असतां त्यास स्पर्श करूं नये. गुरगुरणें ही सूचना आहे. ती मारून बंद केल्यास पुढें तो सूचनेवांचून चावतो. कोणताही कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवून तत्काळ रुग्णालयांत लस घ्यावी. लुई पाश्चर यांनीं १८८५ सालीं नऊ वर्षांच्या एका मुलास रेबीजची लस देऊन वांचविलें. तरी रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर आजही बहुधा कोणी वांचत नाहीं.

मोतीस 'बस' हा शब्द दहा दिवसांत आला. हांकेस येण्यास दोन महिने लागले. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस नाक्याकडून परततांना हातांतून साखळी निसटली. तो रस्त्याच्या कडेस, समोरून सुताचे बोजे भरलेला ट्रक येत होता. ओरडावेंसें वाटत असतांही आम्हीं नेहमींच्या स्वरांत 'मोती' म्हटलें. तो वळला व येऊन पायाशीं बसला. ढोलताशांच्या आवाजानें तो अजून खाटेखालीं शिरतो. त्यास तेथून आम्ही ओढीत नाहीं.

पवित्र शास्त्रांत बलामाची कथा आहे. गाढवी अडून राहते म्हणून त्यानें तिला तीन वेळां मारिलें. वाटेंत उभा असलेला देवदूत तिला दिसत होता, धन्यास दिसत नव्हता. उगारलेल्या त्या वर्तमानपत्राची आठवण झाली कीं आम्हांस ही कथा आठवते. आणि वर्गांत एखादा मोठा झालेला, उशिरां शाळेंत आलेला मुलगा उत्तर न देतां मान खालीं घालून उभा राहिला, म्हणजेही आठवते.