हिरवे नाणे घासू नका

गेल्या पावसाळ्यात मालवणजवळच्या एका शाळेतील विद्यार्थ्याने मला माडाच्या आळ्यात सापडलेले तांब्याचे एक नाणे दाखविले. घरच्यांनी ते चिंच लावून लख्ख घासले होते. 'शिव' एवढेच कसेबसे वाचता आले. ती शिवराई असावी. बाकीची अक्षरे हिरव्या थराबरोबर निघून गेली होती.

शिवराया पुष्कळ मिळतात. पण नाणे उत्तरकालीन रोमन असते तर? इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांतील अशी कांस्य नाणी तामिळनाडूत करूरजवळ अमरावती नदीच्या पात्रात, मदुराईस आणि श्रीलंकेत मोठ्या संख्येने सापडली आहेत. करूर-मदुराईच्या नाण्यांवर आर. कृष्णमूर्ती यांनी १९९४ साली स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

ही नाणी ओळखावी कशी? बहुतेकांचा व्यास १ ते २ सेंटिमीटर, वजन १ ते ३ ग्रॅम. दर्शनी बाजूस मोत्यांची पट्टी बांधलेले सम्राटाचे मस्तक व त्याभोवती लॅटिन अक्षरे असतात. आरंभीची 'डी एन' म्हणजे 'आमचे स्वामी'. मागे घोड्यावरून पडलेल्या शत्रूला भोसकणारा सैनिक किंवा कैद्याला ओढणारी विजयदेवता दिसते. चित्राखालच्या बारीक अक्षरांवरून टांकसाळ कळते: 'ए एन टी' म्हणजे अँटिओक, 'ए एल ई' म्हणजे अलेक्झांड्रिया.

नाणे केवळ जुने म्हणून दुर्मीळ ठरत नाही. दुसऱ्या कॉन्स्टँशियसने ३३७ ते ३६१ अशी २४ वर्षे राज्य केले. त्याची नाणी विपुल आहेत. जोव्हियनला ३६३-६४ मध्ये जेमतेम ८ महिने मिळाले. म्हणजे दुर्मीळपणाचा निर्णय दोन-चार अक्षरांवर अवलंबून असतो, आणि ती अक्षरे पुष्कळदा हिरव्या थरातच शिल्लक असतात. जमिनीत धातूचा पृष्ठभाग हळूहळू तांब्याच्या ऑक्साइडात व कार्बोनेटात बदलतो, पण उठाव तसाच राहतो. चिंचेतील वा आमसुलातील आम्ल नेमका हा थर विरघळविते.

मात्र सगळा हिरवा रंग सारखा नसतो. कठीण, गुळगुळीत थर नाण्याचे रक्षण करतो. फिकट हिरवी भुकटी दिसली तर तो 'कांस्यरोग' समजावा. खाऱ्या मातीतील क्लोराइडमुळे क्युप्रस क्लोराइड बनते. दमट हवेत त्यापासून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते आणि ते आणखी तांबे खाते. आपल्या किनाऱ्यावर हा धोका अधिक.

म्हणून नाणे धुऊ नये. तिरप्या उजेडात छायाचित्र घ्यावे, व्यास मोजावा, सोनाराच्या काट्यावर वजन करावे, सापडल्याची जागा लिहून ठेवावी. सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ते ठेवावे. जमिनीत सापडलेला १० रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार बंधनकारक आहे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. तांब्याच्या तारेचे दोन तुकडे घ्या. एक रोज समुद्राच्या पाण्याने भिजवा, दुसरा पावसाच्या पाण्याने. महिनाभर नोंदी ठेवा. कोणता तुकडा आधी हिरवा पडतो?